हंसा मेहेर आणि साखरबाईचा खोकला

सागरसेवा रुग्णालयात हंसाला नोकरी लागली तेव्हा तिच्या आईला, जमनाला, एकाच गोष्टीची धास्ती होती. ही पोरगी आजाऱ्यांसमोर हसेल आणि दोन दिवसांत घरी येईल.

धास्ती काही उगाच नव्हती. नाव हंसा, आणि हसण्याला धरबंद नाही. एडवणला बापाच्या, पुंडलिक मेहेराच्या, अंगणात ती हसली की पलीकडे बोंबील वाळत घालणाऱ्या बायका काय झालं ते न विचारताच हसायला लागत. बारावीची प्रश्नपत्रिका सोपी निघाली म्हणून ती परीक्षेच्या वर्गात हसली आणि पर्यवेक्षकांनी तिचे तळहात, बाह्या, वेणी सगळं तपासलं. एकदा तर मयताच्या घरी तिला हसू फुटलं. जमनाने तिचं तोंड पदराखाली दडपलं आणि "पोरीला हुंदका आवरत नाय हो," असं म्हणत तिला मागच्या दाराने बाहेर काढलं.

देवाने तिला दुसरी देणगी दिली होती नाकाची. पदार्थ नुसता हुंगून ती त्यात काय काय पडलंय ते सांगे. पुंडलिकला वाटे, एवढं नाक वाया कशाला घालवायचं? म्हणून मुंबईला मामाकडे राहून ती औषधशास्त्राची पदविका शिकून आली, आणि अठ्ठ्याऐंशी साली बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या रुग्णालयात रुजू झाली.

रुग्णालय एका ट्रस्टचं होतं. बायकांचा एक वॉर्ड, पुरुषांचा एक, मध्ये व्हरांडा आणि व्हरांड्याच्या टोकाला हंसाचं औषधालय. तिथल्या जाळीच्या खिडकीतून ती दिवसभर बाहेरच्या जगाशी बोले. किनाऱ्यावरच्या कोळणी येत, भातशेतीवाले येत, आणि कारखान्यांतले कामगार येत. कुणी नगरचा, कुणी बीडचा, कुणी थेट गोरखपूरचा. या सगळ्यांवर देखरेख डॉक्टर कमलाकांत सावे यांची. डॉक्टर जवळच्याच माहीमचे, मुंबईतल्या नव्हे, पानवेलीच्या बागा असलेल्या घरातले. माणूस सज्जन, हाताला गुण, पण चेहरा असा की पेशंटला आपला आजार आहे त्याहून मोठा वाटावा. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. मंदा सिस्टर म्हणे, "साहेबांच्या लग्नाच्या फोटोत नवरी हसतेय आणि साहेब तिची नाडी बघतायत."

खोकल्याचं औषध तेव्हा रुग्णालयातच मोठ्या बरणीत बनायचं. लोक घरून बाटली आणत, हंसा ती भरून देई आणि डोस कळावा म्हणून बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवी. औषध चांगलं होतं, पण त्यात नवसागर असे. गंजक्या डब्यात समुद्राचं पाणी उकळावं तशी त्याची चव. पेशंट एक घोट घेत आणि उरलेलं खिडकीतून ओतून देत. वॉर्डामागच्या जास्वंदीला कधी म्हणून खोकला झाला नाही!

हंसाला हे बघवेना. एक दिवस ती डॉक्टरांकडे गेली.

"सर, औषधात ज्येष्ठमध घालू का? नवसागराची चव तोच मारतो. वर थोडं आलं आणि वेलची."

डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "पितील का मग?"

"पितील काय सर, बाटली चाटतील!"

"घाल."

हंसाने तीन दिवस ज्येष्ठमध उकळला, गाळला, हुंगला, परत उकळला. ज्या दिवशी ते काळंभोर, दाट औषध बरणीत पडलं त्या दिवशी त्याच्या वासाने पुरुषांच्या वॉर्डातला एक उपाशी ठेवलेला पेशंट उठून व्हरांड्यात आला आणि विचारू लागला, "आज सण हाय काय?"

आणि मग बोईसरला खोकला सुरू झाला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. भाताची झोडणी चालू होती, कोंड्याने घसे खवखवणारच. पण झोडणी संपली, थंडी सरली, तरी खिडकीसमोरची रांग वाढतच चालली. लोक बाटल्या सोडून बरण्या आणू लागले. बायडी कोळीण मासळीच्या टोपलीतून खोबरेल तेलाची रिकामी बाटली काढून म्हणाली, "भर गो, गळ्यापर्यंत भर."

"खोकला कुठाय, मावशी?"

"सकाली होता ना! आता तुज्यासाठी काय परत आणू?"

गोरखपूरचे कामगार तर सरळ "मॅडम, वो काला वाला शरबत" असंच मागत. स्टेशनबाहेर बर्फाचा गोळा विकणारा झिपरू एकदा दुपारचा येऊन खिडकीशी हळूच म्हणाला, "ताई, या औषदाची किरती सांगाल काय, कसा बनवायचा ती? गोल्यावर घालीन. तुमचा नाव बी लावीन." हंसा इतकी हसली की तिला खिडकी लावून घ्यावी लागली.

सगळ्यात भारी होता झुंबर. हा बीडकडचा उंच, हडकुळा गडी, एका कापड कारखान्यात मागावर होता. आठवड्यातून दोन-तीनदा यायचा.

"खोकला कोरडा की ओला?" हंसाने विचारलं.

झुंबर विचारात पडला. मग अदबीने म्हणाला, "कसा पायजे, ताई?"

इकडे डॉक्टर सावे मात्र गंभीर होत चालले होते. एवढा खोकला, आणि छातीत काही सापडत नाही! त्यांनी थुंकी तपासली, फोटो काढले. छात्या अशा स्वच्छ की फोटो चौकटीत लावावेत. शेवटी त्यांनी हंसाला बोलावलं.

"हे लोक काय घेतात, किती घेतात, कधी घेतात, मला काही कळत नाही. मी विचारलं की 'तुमी सांगितलं तसं' एवढंच म्हणतात. तू खिडकीतून बाहेर ये. वॉर्डात जा, बस, बोल. औषध देऊन आपलं काम संपत नसेल, असं मला वाटायला लागलंय."

हंसाला पंख फुटले. जाळीमागे दोन वर्षं बसलेल्या बाईला कुणी म्हणतंय, जा, गप्पा मार! पण जाण्याआधी हातातलं काम उरकावं म्हणून ती खिडकीशी परतली, तर समोर झुंबर. तिने बाटली भरून दिली. झुंबर निघाला, पण फाटकाकडे न जाता इमारतीला वळसा घालून मागे गेला. हंसाने औषधालयाला कडी घातली आणि चपला हातात घेऊन त्याच्या मागे.

मागे जास्वंदीपाशी झुंबर उभा होता. बायकांच्या वॉर्डाच्या खिडकीतून हिरव्या बांगड्यांचा एक हात बाहेर आला. झुंबरने त्यात बाटली ठेवली. हात आत गेला. परत बाहेर आला तो फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन.

"आजी, चटणी हाय ना?" झुंबरने विचारलं.

"हाय रं बाबा, शेंगदाण्याची. गोजराबाईनं सकाळी डब्यात धाडलीया. जा पळ, ती हसरी बघंल."

हसरीने बघितलंच होतं. ती व्हरांड्यातून धावत वॉर्डात शिरली. खिडकीजवळच्या खाटेवर साखरबाई बसल्या होत्या आणि फुलपात्रात औषध ओतून घेत होत्या, दुपारचा चहा घ्यावा इतक्या शांतपणे.

साखरबाई बीडकडच्या. मुलगा शिवाजी इथे कारखान्यात लागला म्हणून त्याच्याबरोबर आलेल्या. सूनबाई गोजराबाई हाताने चपळ, आणि सासूचं मन मोठं. चाळीतल्या एकट्या राहणाऱ्या पोरांना त्या दोघी भाकऱ्या करून घालत. पैशाचं नाव काढलं की साखरबाई लाटणं उगारत. गेल्या काही महिन्यांत त्यांचा रक्तदाब वाढला होता, पाय सुजत होते, अंगात ताकद राहिली नव्हती, म्हणून त्या दुसऱ्यांदा दाखल झाल्या होत्या.

हंसाला पाहून त्या जराही दचकल्या नाहीत. "ये लेकी, बस. घोटभर घेतीस का? लई ग्वाड हाय."

"आजी, हे माझंच आहे!"

"मंग तर घेच."

हंसा खाटेवर कोसळलीच. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. साखरबाईंना काय झालं ते कळेना, पण त्याही हसू लागल्या, शेजारच्या खाटेवरची बाळंतीण हसू लागली, आणि मंदा सिस्टर "हळू, टाके तुटतील!" म्हणत स्वतःच भिंतीला टेकली.

हसू ओसरल्यावर हंसाने एकेक विचारायला घेतलं.

"हे कधीपासून घेताय, आजी?"

"मागल्या दिवाळीला सर्दी झालती. तवा शिवाजीनं बाटली आणली. येक घोट घेतला आन म्हनलं, हे तर आमच्या मायच्या हातच्या गुळवणीवानी लागतंय. तवापासनं सकाळी येक फुलपात्रं, रातच्याला येक."

"फुलपात्रं? चमचा सांगितलाय!"

"चमच्यानं तहान भागती व्हय? येका बाटलीत काय हुतंय? मंग पोरं म्हनली, आजी, तू आमाला भाकर देतीस, आमी तुला औशिद आणतो. झुंबर खोकतो, त्यो दत्तू खोकतो, रामआसरे बी खोकतो. गुणाची पोरं हायती."

म्हणजे अर्ध्या बोईसरचा खोकला या एका खाटेवर येऊन जमा होत होता!

"आणि तुमचा स्वतःचा खोकला?"

"त्यो आदी नव्हता. औंदा ही बीपीची नवी गोळी चालू झाली, मग लागला. कोरडा. घशात कुनी मोरपीस फिरवल्यावानी. म्हनून तर हे जास्त घ्यावं लागतंय."

हंसाचं लक्ष साखरबाईंच्या पायाकडे गेलं. तिने नडगीवर अंगठा दाबून उचलला. खळगा पडला तो तसाच राहिला. तिने दुसरी नडगी दाबून पाहिली, तीही तशीच. पदविकेच्या दुसऱ्या वर्षी एका पुस्तकात एका कोपऱ्यात वाचलेलं तिला आठवलं: ज्येष्ठमध फार दिवस, फार प्रमाणात पोटात गेला तर अंगात पाणी धरतो, रक्तदाब चढवतो, स्नायूंतली शक्ती जाते. चमच्याने घेणाऱ्याला काही होत नाही. पण फुलपात्राने?

ती उठली आणि डॉक्टरांच्या खोलीकडे धावली. दार वाजवायचंही राहिलं.

"सर, साखरबाईंचं प्रेशर मी वाढवलंय!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हंसाने एका दमात सगळं सांगितलं. भाकरी, झुंबर, खिडकी, फुलपात्र, ज्येष्ठमध. ऐकता ऐकता डॉक्टर खुर्चीत सरळ झाले.

"थांब. खोकला नव्या गोळीनंतर लागला म्हणाली?"

"हो. कोरडा."

"ही गोळी बाजारात येऊन फार दिवस झाले नाहीत. काही लोकांना हिच्याने कोरडा खोकला लागतो, असं मी वाचलंय. आपल्या पेशंटमध्ये पाहिलं नव्हतं." डॉक्टरांनी साखरबाईंचा केसपेपर पुढे ओढला. मग बोटाने हवेत एक गोल काढत म्हणाले, "म्हणजे तुझ्या औषधाने तिचं प्रेशर वाढलं."

"हो सर."

"प्रेशरसाठी मी गोळी दिली."

"हो सर."

"माझ्या गोळीने तिला खोकला आला."

"हो सर."

"आणि खोकल्यासाठी तिने..."

"...माझं औषध घेतलं, सर!"

हंसाने ओठ दाताखाली धरले. आपल्या हातून एका म्हाताऱ्या बाईला त्रास झालाय, इथे हसणं पाप आहे, असं ती स्वतःला बजावत होती. तेवढ्यात समोरून एक विचित्र आवाज आला, पंपातून पाणी येण्याआधी हवा येते तसा. डॉक्टर सावे हसत होते! खांदे हलत होते, चष्मा नाकावर घसरला होता. "अगं, जत्रेतल्या पाळण्यात बसवलं आपण तिला! तू एकीकडून ढकलतेस, मी दुसरीकडून!" मग काय, हंसाचा बांध फुटला. मंदा सिस्टर धावत आली ती दारातच थिजली. बाहेर जाऊन तिने वॉर्डबॉयला सांगितलं, "साहेब हसले. आज पाऊस पडणार बघ." तो मार्च महिना होता.

हसून झाल्यावर दोघांनी नीट विचार केला. दोन्ही बंद. रक्त तपासलं तर पोटॅशियम कमी निघालं, ज्येष्ठमधाने घालवलेलं, आणि शक्ती जाण्याचं कारणही तेच. प्रेशर रोज बघायचं, लागलीच तर दुसरी गोळी.

साखरबाईंना हे पटवणं मात्र सोपं नव्हतं. त्या उठून बसल्या.

"औशिद बंद करून मानूस बरं हुतंय, असं कुठं आयकलंय का? दवाखाना हाय का चेष्टा?"

हंसाने त्यांचा हात हातात घेतला. "आजी, चूक माझी आहे. गोड केलं ते मी, आणि किती पिताय ते विचारलं नाही तेही मी. एवढं ऐका माझं."

साखरबाईंनी तिची हनुवटी वर केली. मग म्हणाल्या, "तू रडायलीस व्हय? न्हाई बाई, तू हस. तुझं रडनं लई वंगाळ दिसतंय. ने ती बाटली. उशीखाली दोन हायती, गादीखाली येक, आन खाटंखाली त्या बादलीत..."

मंदा सिस्टरने बाटल्या बाहेर काढायला घेतल्या तेव्हा सगळा वॉर्ड मोठ्याने मोजत होता.

गेलेलं पोटॅशियम भरून निघावं म्हणून औषधाची जागा शहाळ्याने घेतली. डॉक्टरांनी माहीमहून शहाळी मागवली. साखरबाईंनी पहिला घोट घेऊन तोंड वाकडं केलं, "पानीच की हे!" पण चौथ्या दिवशी त्या झुंबरला खिडकीतून सांगत होत्या, "ते औशिद नगं. नारळ मिळतोय का बघ." हंसाने झुंबरला तिथेच गाठलं आणि कान धरून, म्हणजे उडी मारून धरून, सांगितलं की आजी काय खाते-पिते ते आता मी ठरवणार.

आधी खोकला गेला. मग पायांची सूज उतरली. मग एका सकाळी डॉक्टर सावे साखरबाईंच्या दंडाला पट्टा बांधून पारा बघत होते. त्यांनी परत फुगा दाबला, परत पाहिलं. मग हंसाला बोलावलं. "तू बघ. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही." हंसाने पाहिलं. पारा शहाण्यासारखा खाली आला होता. गोळी नाही, औषध नाही, आणि प्रेशर चांगल्या तरुणीचं!

"आजी, तुम्ही बऱ्या झालात! घरी चला!"

साखरबाई खाटेवरून उतरल्या. पाय जमिनीवर दाबून पाहिले, एक, मग दुसरा. पदर खोचला आणि दोन्ही हात पुढे केले. "ये."

"काय?"

"फुगडी येती का? का एडवनात नुसतं मासंच धरत्यात?"

हंसाने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. मग काय हो! दोन खाटांच्या मधल्या जागेत, एक समुद्राकाठची आणि एक बालाघाटच्या डोंगरातली, हात गुंफून ज्या फिरल्या! बांगड्या वाजत होत्या, हंसाचा पांढरा कोट फुग्यासारखा फुगला होता, वॉर्डातल्या बायका टाळ्या पिटत होत्या, आणि बाळंतिणीचं पोर टक लावून बघत होतं. हंसालाच आधी भोवळ आली. ती मंदा सिस्टरच्या अंगावर जाऊन पडली. साखरबाई कमरेवर हात ठेवून उभ्या, नुसता थोडा दम लागलेला.

"आता परत मोजा, डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी थोड्या वेळाने खरंच मोजलं. उत्तम होतं.

काळ्या औषधाची कृती हंसाने बदलली. ज्येष्ठमध नावापुरता ठेवला, गोडी जवळपास गेली. बातमी वाऱ्यासारखी पसरली, आणि बोईसरचा खोकला आठवड्याभरात बरा झाला. खिडकीसमोर जे मोजके उरले ते खरे खोकणारे. त्यातल्या एका म्हाताऱ्याची छाती डॉक्टरांनी नीट तपासली, कारण आता त्यांच्याकडे वेळ होता, आणि त्याचा क्षय वेळेवर हाती लागला. बायडी कोळणीने नवं औषध चाखलं आणि थूः करून म्हणाली, "हां. आता कसा औषद वाटते." झिपरू मात्र बरेच दिवस हंसाशी बोलला नाही.

त्या दिवसापासून वॉर्डातली फेरी हंसाची झाली. सकाळी डॉक्टर जाऊन आले की ती जाई. खाटेवर बसे, डबा उघडून वास घेई, गोळ्या उशीखालून काढे, घरी कोण काय काढा देतं, कोण कुणाच्या गोळ्या खातं, ते गप्पांत काढून घेई. ट्रस्टच्या एका सभासदाने विचारलं, "औषध देणाऱ्या बाईंचं वॉर्डात काय काम?" डॉक्टर सावे म्हणाले, "मी आजार बघतो. त्या औषध पोटात गेल्यावर काय करतं ते बघतात. दोन्ही कामं एकट्याने केली की काय होतं, ते मी पाहिलंय."

पुढे तिचं लग्न झालं, सफाळ्याच्या एका शिक्षकाशी, सगळ्या वॉर्डाने लाडू खाल्ले. दोन मुली झाल्या. रुग्णालयाला नवी इमारत मिळाली, नवी औषधं बंद बाटल्यांतून येऊ लागली, मोठ्या बरण्या माळ्यावर गेल्या. नव्वदचं दशक संपत आलं तरी हंसाची फेरी चालूच होती. किनाऱ्यावरच्या बायका आता घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या एका फडक्यात बांधून आणत आणि तिच्या टेबलावर ओतत. "बघ गो, यातली कंची कुणाची ते आमाला कळत नाय," त्या म्हणत.

हंसा त्या रंगीबेरंगी ढिगाकडे बघे, खुर्ची पुढे ओढे आणि म्हणे, "बसा मावशी. आधी सांगा, घरात कोण कोण आहे?"